घंटागाडी ठेक्यावर की महापालिकेची? आपल्या प्रभागापुरतं उत्तर स्वतः कसं शोधायचं

कचऱ्याचा ठेका संपत आला किंवा नव्या निविदेची बातमी छापून आली, की आमच्या नाशिकच्या जेलरोडवरच्या सोसायट्यांमध्ये दोन तट पडतात. एकांचं म्हणणं, सगळं खासगीला देऊन टाका, महापालिकेची माणसं काम करत नाहीत. दुसऱ्यांचं म्हणणं, ठेका म्हणजे लूट, पालिकेनेच गाड्या चालवाव्यात. दोघांनाही मी एकच विचारते: करारनामा वाचलाय का? बहुतेकांनी वाचलेला नसतो. तो मागता येतो, मिळतो आणि नीट बसून वाचला तर समजतोही, हेच लोकांना ठाऊक नाही. म्हणून हे लिहिते आहे.

माझी सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणजे नोटा-स्टॅम्पांच्या सरकारी छापखान्यात, हिशेबाच्या टेबलावर गेली. तिथे कागद मोजून घ्यायचा आणि मोजून द्यायचा. आकडा जुळला नाही तर जुळेपर्यंत उठायचं नाही. निवृत्तीनंतर तीच सवय मी घंटागाडीच्या कागदांना लावली. त्यातून जे हाताला लागलं ते कुणालाही करता येण्यासारखं आहे. हिशेबाचं शिक्षण लागत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुठे उभी आहे ते कळेल. दारातून कचरा उचलण्याचं काम महापालिकेने स्वतःच्या माणसांकडून करून घ्यावं. प्रक्रियेचं, म्हणजे यंत्रसामग्रीचं काम ठेक्याने दिलं तर माझी हरकत नाही, पण तिथे वजन करणारा माणूस ठेकेदाराचा नसावा. हे मत तुम्ही जसंच्या तसं घेऊ नका. आपल्या प्रभागाचे कागद बघा आणि मग ठरवा.

आधी आत्ता काय चाललंय ते बघा

नाशिकमध्ये "खासगी करायचं का" हा प्रश्न कोऱ्या पाटीवर सुरू होत नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकापासून घंटागाडी आहे आणि ती ठेक्यानेच चालत आली आहे. गाडीवरचा चालक आणि मदतनीस ठेकेदाराचे, हजेरी शेडवरचा मुकादम आणि स्वच्छता निरीक्षक महापालिकेचे. पाथर्डीच्या खतप्रकल्पाचं कामही खासगी कंपनीकडे दिलेलं आहे. म्हणजे आपण ज्याला खासगीकरण म्हणतो ते बऱ्याच अंशी होऊन गेलेलं आहे. पुढच्या निविदेच्या वेळी खरा प्रश्न असतो तो असा, की हेच पुढे चालवायचं, बदलायचं की काही भाग परत घ्यायचा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच ठेक्याने बदलत नाही. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत आणि त्यात कचरा गोळा करणं, हलवणं, त्याची विल्हेवाट लावणं येतं. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतही घनकचरा व्यवस्थापनाचा उल्लेख आहे. काम दुसऱ्याला देता येतं, कर्तव्य देता येत नाही. "ते ठेकेदाराकडे आहे, त्यांना विचारा" असं विभागीय कार्यालयात कुणी म्हणालं, तर नम्रपणे कलम ६३ ची आठवण करून द्या. मी देते. समोरचा माणूस बहुधा लगेच फोन उचलतो.

आता वही घ्या. पंधरा-वीस दिवस गाडी येते ती वेळ लिहा. आली नाही तर तेही लिहा. गाडीचा नंबर लिहा. ओल्याचा आणि सुक्याचा कप्पा वेगळा आहे का, आणि असला तरी तुम्ही वेगळा दिलेला कचरा आत एकत्र पडतो का, ते स्वतः जवळ जाऊन बघा. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत कचऱ्याचे तीन भाग होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत चार झाले: ओला, सुका, सॅनिटरी आणि औषधं, बल्ब, रंगाचे डबे असा विशेष काळजी घेण्याचा. गाडीला चार कप्पे नसतील तर घरात चार डबे ठेवून काय साधणार? ही नोंद पुढे फार उपयोगी पडते.

माणसांकडेही बघा. हातात मोजे आहेत का, पायात गमबूट आहेत का, पावसाळ्यात रेनकोट दिला आहे का. विचारायचं असेल तर गाडी थांबवून चौकशी करू नका, त्यांच्या फेरीची वेळ ठरलेली असते. पाण्याचा तांब्या पुढे करा, दोन मिनिटं बोला. आमच्याकडे येणारा मुलगा मला काकू म्हणतो. त्याच्याकडून मला जितकं कळलं तितकं कुठल्याही कागदावरून कळलं नसतं.

कागद कसे मिळवायचे

माहिती अधिकार कायदा २००५ चा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नाही. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा असा आपल्या राज्याचा नियम आहे. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे प्रथम अपील, तेही ३० दिवसांच्या आत. तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

अर्जात "का" विचारू नका. "गाडी रोज का येत नाही" हा प्रश्न आहे, माहिती नव्हे, आणि अशा अर्जाला "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर देऊन वाटेला लावता येतं. कागद मागा. माझ्या अर्जाचा मसुदा साधारण असा असतो:

"नाशिकरोड विभागातील घंटागाडी सेवेच्या चालू करारनाम्याची, निविदेच्या अटी-शर्ती व सर्व जोडपत्रांसह साक्षांकित प्रत. जून महिन्यात ठेकेदारास अदा केलेल्या देयकाची प्रत आणि सोबतचे वजनकाट्याचे दैनंदिन तक्ते. त्याच महिन्यात केलेल्या दंड आकारणीचा तपशील. त्याच महिन्यातील भविष्य निर्वाह निधी व ईएसआय (कामगारांचा आरोग्यविमा) भरणा चलनांच्या प्रती, कामगारांची वैयक्तिक माहिती झाकून."

शेवटचे चार शब्द महत्त्वाचे आहेत. ते घातले नाहीत तर वैयक्तिक माहितीचं कारण पुढे करून सगळीच चलनं नाकारली जातात. "व्यापारी गुपित आहे" असंही उत्तर येऊ शकतं. त्यावर अपिलात लिहा, की निविदा मंजूर होऊन काम चालू आहे, पैसा करदात्यांचा आहे, आणि कायद्याच्या कलम ४ नुसार कंत्राटांची माहिती कार्यालयाने न मागताच जाहीर करायची असते.

अर्जाची वाट बघायची नसेल तर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जा. राज्य सरकारने २०१८ मध्ये परिपत्रक काढून महापालिकांसह सगळ्या जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत ही वेळ नागरिकांना अभिलेख बघण्यासाठी ठेवली आहे. कागद समोर ठेवला की काय मागायचं ते नेमकं समजतं आणि पुढचा अर्ज नेटका होतो.

सगळ्यात आधी वाचा: पैसे कशाचे मिळतात

करारनामा हातात आला की पहिल्या पानापासून वाचत बसू नका. देयकाचं कलम शोधा. बाकी सगळं त्यावर अवलंबून असतं, कारण ठेकेदाराला ज्याचे पैसे मिळतात तेच काम होतं. यात त्याची दुष्टाई नाही, धंदा आहे.

टनावर पैसे मिळत असतील तर कचरा जड असणं त्याच्या फायद्याचं. मग गाडीत माती जाते, बांधकामाचा राडारोडा जातो. पावसाळ्यात ओला कचरा पाणी पितो आणि त्या पाण्याचेही पैसे आपण देतो. हिशेब करून बघा. समजा एका प्रभागातून रोज २० टन कचरा जातो आणि दर टनाला २,००० रुपये आहे. त्यात फक्त दहावा हिस्सा माती असली तरी रोजचे ४,००० आणि वर्षाचे १४ लाख ६० हजार रुपये मातीचे झाले. शिवाय वर्गीकरणाला कुणी हात लावत नाही. सुका कचरा वेगळा काढून भंगारात गेला की वजन घटतं, म्हणजे देयक घटतं. जो माणूस आपल्याला ओला-सुका वेगळा द्या म्हणून सांगतो, त्याच्याच मालकाचं नुकसान त्यात असेल तर ती शिकवण किती दिवस टिकेल?

म्हणून टनाचा दर दिसला की लगेच तीन गोष्टी शोधा. वजनकाटा कुणाच्या ताब्यात आहे? रिकाम्या गाडीचं वजन किती दिवसांनी पुन्हा घेतलं जातं? राडारोडा आढळला तर ती फेरी देयकातून वजा होते का? मग एका दिवसाचे वजनाचे तक्ते घ्या आणि आपल्या वहीशी ताडून बघा. ज्या नंबरची गाडी तुमच्या गल्लीत आलीच नाही, तिची त्या दिवशीची काटापावती असेल तर ती कुठे भरली ते विचारायला हवं. कदाचित ती दुसऱ्या भागात पाठवली असेल. पण विचारायला हवं.

फेरीवर किंवा गाडीवर पैसे असतील तर उलटं होतं. गाडी येते, घंटा वाजते, पण थांबत नाही. बायका पिशवी घेऊन जिना उतरेपर्यंत गाडी कोपऱ्यावर पोचलेली असते. जीपीएसच्या नोंदीत मात्र ती तुमच्या रस्त्याने गेल्याचं अगदी बरोबर दिसतं. म्हणून जीपीएस आहे एवढ्यावर समाधान मानू नका, थांबा किती वेळाचा होता तेही मागा.

घरामागे पैसे, म्हणजे प्रत्येक दारात हजेरी आणि त्या हजेरीवर देयक, हा प्रकार मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. त्यातही वर्गीकरण केलेला कचरा उचलला तरच पूर्ण दर, मिसळलेला उचलला तर कमी दर, असं कलम असेल तर फारच चांगलं. मात्र झोपडपट्टी आणि गावठाणातली घरं त्या यादीत आहेत का ते बघा. फुलेनगरसारख्या वस्तीत, भद्रकालीच्या बोळांत गाडी आत शिरत नाही. तिथे हातगाडीची सोय करारात लिहिलेली नसेल तर ती घरं कागदावरूनच गळतात आणि नाल्याच्या काठावर ढीग वाढतो. नंतर बोट त्या वस्तीकडेच दाखवलं जातं.

देयकाच्या कलमाजवळच आणखी एक ओळ असू शकते, ती नजरेतून सुटू देऊ नका. किमान हमी. म्हणजे महापालिकेने ठरावीक टन कचरा दिलाच पाहिजे, नाही दिला तरी तेवढ्याचे पैसे मोजायचे. प्रक्रियेच्या करारांमध्ये ही अट देशभर आढळते. कंपनीने यंत्रांत पैसा घातलेला असतो, तिला खात्री हवी असते, हे मला समजतं. पण २०१६ च्या नियमांपासून रोज १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी आणि हॉटेलांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायचा आहे. उद्या गंगापूररोडच्या, इंदिरानगरच्या सोसायट्यांनी तो मनापासून जिरवला आणि शहराचा कचरा घटला, तर किमान हमीच्या कलमामुळे महापालिकेचा एक रुपयाही वाचणार नाही. लोकांनी नियम पाळल्याची किंमत लोकांनीच भरायची. असं कलम असेल तर हमीचा आकडा दरवर्षी खाली आणण्याची मागणी करा.

आणि सिंहस्थ. २०२७ मध्ये लाखो भाविक रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला येणार. त्या महिन्यांच्या जादा फेऱ्या कोणत्या दराने, आणि जादा माणसं कुणी आणायची, हे मूळ करारात आहे की "वेळेवर ठरवू" असं ठेवलंय, ते बघून घ्या. गर्दी दारात आल्यावर ठरवलेला दर कधी स्वस्त पडत नाही.

दंडाचं कलम

इथे एकच गणित करायचं. गाडी न पाठवल्याबद्दल दंड किती आणि न पाठवल्याने ठेकेदाराचं वाचतं किती. समजा एका गाडीचा डिझेल आणि दोन माणसांचा दिवसाचा खर्च ३,००० रुपये आहे आणि गैरहजेरीचा दंड १,००० रुपये. मग गाडी उभी ठेवणं हे त्याच्या दृष्टीने २,००० रुपयांची बचत ठरते. दंडाची लांबलचक यादी पाहून हुरळून जाऊ नका, हे गणित मांडा. त्यानंतर प्रत्यक्ष दंड वसूल झाला का ते देयकात बघा. आकारलेला दंड आणि देयकातून कापलेला दंड हे दोन आकडे वेगळे असू शकतात.

महापालिकेची स्वतःची सेवा असेल तर दंडच नसतो, हा खासगीकरणाच्या बाजूच्या लोकांचा मुद्दा खरा आहे. कायम कर्मचाऱ्याने काम टाळलं तर काय होतं, याचं उत्तर महापालिकेकडेही मागायला हवं. हजेरी पुस्तक, फेऱ्यांची नोंद आणि प्रभागनिहाय तक्रारी दर महिन्याला जाहीर करा, ही मागणी दोन्ही बाजूंना सारखीच लावा.

माणसांचा पगार

ठेका स्वस्त का पडतो, हे मी बरेच दिवस कागदांमध्ये शोधलं. गाड्या त्याच, डिझेल त्याच भावाचं, रस्ते तेच. फरक निघतो तो मजुरीत. कायम सफाई कामगाराला वेतनश्रेणी, रजा, निवृत्तीनंतरची सोय आहे. सफाई कामगारांसाठी नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे त्याच्या वारसाला नोकरी मिळते. पिढ्यान्‌पिढ्या हे काम ज्यांच्यावर लादलं गेलं, त्या समाजांना निदान एक स्थिर पगार त्यातून मिळाला. ठेक्यावर काम गेलं की काम तीच माणसं करतात आणि ती हमी जाते. माझ्या मताचं मूळ इथे आहे, ते मी लपवत नाही.

तुम्हाला हे तपासायचं असेल तर निविदेचा दर उलटा सोडवा. समजा १०० माणसं आणि प्रत्येकाला महिना १८,००० रुपये पगार. मजुरी झाली १८ लाख. पूर्ण पगारावर भविष्य निर्वाह निधीत मालकाचे १२ टक्के, म्हणजे २ लाख १६ हजार. ईएसआयमध्ये मालकाचे ३.२५ टक्के, म्हणजे ५८,५००. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे साधारण दीड लाख. महिन्याला २२ लाखांच्या वर नुसता माणसांचा खर्च झाला. त्यात डिझेल, गाडीचा हप्ता, दुरुस्ती मिळवा. आकडे तुमच्या करारातले घ्या, किमान वेतन त्या सहामाहीचं घ्या. ही बेरीज जर ठेकेदाराच्या दरापेक्षा जास्त निघाली, तर तोटा सोसून कुणी शहराची सेवा करत नसतं. तो फरक कुणाच्या तरी पगारातून निघणार. अंदाजपत्रकापेक्षा पुष्कळ कमी दराची निविदा आली म्हणून टाळ्या वाजवण्याआधी ही बेरीज कराच.

आमच्या गल्लीत येणाऱ्या एकाने मला सांगितलं होतं, "काकू, बँकेत येतो तो आकडा वेगळा आणि माझ्याकडे उरतो तो वेगळा." मधला फरक परत द्यावा लागायचा. कुठल्या ठेक्यावरची गोष्ट ती मी इथे सांगणार नाही आणि तुम्हीही अशी गोष्ट कळली तर त्या माणसाचं नाव कुठल्याही अर्जात घालू नका. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी बंद होते. त्याऐवजी त्याला मोबाइलवर उमंग या सरकारी ॲपमधून भविष्य निर्वाह निधीचं पासबुक उघडून दाखवा. यूएएन, म्हणजे निधीच्या खात्याचा नंबर, त्याचा हक्काचा आहे. पैसे भरले नसतील तर त्याला आणि त्याच्या सोबत्यांना मिळून, युनियनमार्फत, तक्रार करता येते.

कायद्याने इथेही महापालिकेची सुटका नाही. ठेकेदाराने मजुरी थकवली तर मूळ मालकाने ती द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातलं तत्त्व नव्या श्रमसंहितेतही कायम आहे. मुंबईत तर याहून मोठं घडलं. कचरा वाहतूक श्रमिक संघ कंत्राटी सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षं लढला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल टिकला. ठेक्याने वाचलेला पैसा असा काही वर्षांनी थकबाकीसह दारात येऊ शकतो. खर्चाची तुलना करताना तो धोका कुणी धरत नाही.

तुलना कशी मांडायची

महापालिकेचा खर्च मांडताना पगार, निवृत्तिवेतन, गाड्या, इंधन, दुरुस्ती सगळं धरतात. ठेक्याचा खर्च मांडताना फक्त देयक धरतात. हे बरोबर नाही. ठेक्याच्या बाजूला मुकादम आणि निरीक्षकांचे पगार धरा, दरवर्षीची भाववाढ धरा, न्यायालयातल्या दाव्यांचा खर्च धरा, आणि मुदतवाढीची कलमं बघा. ठेका संपून नवी निविदा निघेपर्यंत जुन्यालाच महिन्यामागून महिने मुदतवाढ मिळते, तो काळही खर्चात मोजा.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. राज्य सरकारच्या बंधनामुळे महापालिकेचा आस्थापना खर्च, म्हणजे कायम कर्मचाऱ्यांच्या पगाराचा खर्च, ३५ टक्क्यांच्या वर गेला की नोकरभरती अडते. कायम माणसाचा पगार आस्थापना खर्चात दिसतो, ठेकेदाराचं देयक दुसऱ्या शीर्षाखाली जातं. म्हणून माणसं निवृत्त होतात, जागा भरल्या जात नाहीत, आणि "आमच्याकडे माणसंच नाहीत" म्हणून काम ठेक्यावर जातं. नालायकी सिद्ध झाली म्हणून पालिकेच्या हातून काम गेलं असं समजण्याआधी मंजूर पदं किती आणि रिकामी किती, हा आकडा मागा. ३५ टक्क्यांच्या अटीतून सफाईची पदं वगळावीत, ही मागणी आमदारांकडे न्यायला हवी. तो प्रश्न महापालिकेच्या हातातला नाही.

दुसऱ्या शहरांकडे बघताना

इंदूरचं नाव सगळे घेतात. २०१७ पासून ते शहर स्वच्छतेत सलग पहिलं आलं. पण तिथे काय केलं ते अर्धंच सांगितलं जातं. आधी खासगी कंपनीकडे असलेलं कचरा गोळा करण्याचं काम तिथल्या पालिकेने स्वतःकडे घेतलं, स्वतःच्या गाड्या, स्वतःची माणसं. ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा रोज ५५० टनांचा प्रकल्प मात्र खासगी भागीदारीतून उभा केला, त्याचं उद्घाटन फेब्रुवारी २०२२ मध्ये झालं. दार पालिकेचं, यंत्र खासगी. मला हीच वाटणी पटते.

पुण्यात तिसरा रस्ता आहे. कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि त्यातून "स्वच्छ" ही कामगारांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली. महापालिकेशी तिचा २००८ मध्ये करार झाला. घरटी शुल्क थेट वेचकाला मिळतं आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकण्याचा हक्कही तिचाच. त्यामुळे वर्गीकरण करण्यात तिचाच फायदा आहे. टनावर पैसे मिळणाऱ्या ठेक्याच्या नेमकं उलट. नाशिकमध्ये वेचकांची अशी मोठी संघटित ताकद नाही, त्यामुळे ते उचलून इथे लावता येणार नाही. पण एखाद्या विभागात प्रयोग का करू नये?

चेन्नईने २००० मध्येच परदेशी कंपनीला काही विभाग दिले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सफाई कामगारांनी आणखी विभाग खासगीकडे द्यायला विरोध करत महापालिकेच्या इमारतीसमोर दिवसरात्र धरणं धरलं. पोलिसांनी त्यांना मध्यरात्री उठवलं. निविदा काढण्याआधी कामगारांना बोलावून विचारलं असतं तर, असं मला फार वाटलं.

परतीचा रस्ता

करारातलं शेवटून दुसरं-तिसरं कलम वाचा: करार मोडला तर काय. गाड्या कुणाच्या नावावर आहेत? गाड्या ठेकेदाराच्या, वर्कशॉप बंद झालेलं, चालकांची पदं रद्द झालेली, अशी अवस्था असेल तर महापालिका करार मोडण्याची धमकीही देऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी शहरात गाडी कोण फिरवणार? म्हणून ठेका द्यायचाच ठरला तरी गाड्या महापालिकेच्या मालकीच्या असाव्यात आणि सहा विभागांपैकी निदान एक तरी विभाग पालिकेने स्वतः चालवावा. त्या विभागाचा टनामागचा, घरामागचा खर्च उघड असला की ठेकेदाराचा दर खरा की फुगवलेला ते लगेच कळतं, आणि एखादा ठेकेदार पळाला तर चालवणारी माणसं हाताशी राहतात.

हे सगळं हातात आल्यावर काय करायचं

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं नाशिकमध्ये प्रशासक होता. दाद कुणाकडे मागायची तेच कळत नव्हतं. १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर पुन्हा १२२ नगरसेवक आहेत, त्याचा उपयोग करा. निविदेला महासभेची किंवा स्थायी समितीची मंजुरी मिळण्याआधी भेटा, नंतर भेटून फक्त चहा मिळतो. एकटं जाऊ नका. तीन-चार सोसायट्या, एखादी वस्ती आणि शक्य असेल तर कामगारांच्या युनियनचा माणूस असे मिळून जा. सोबत वहीच्या नोंदींचं एक पान, वजनाच्या तक्त्यांची एक प्रत आणि मागण्यांचं एक पान, बस.

माझ्या मागण्यांच्या पानावर सध्या हे आहे. घंटागाडीचं काम टप्प्याटप्प्याने महापालिकेकडे घ्या, सुरुवात एका विभागापासून करा. तोवरच्या ठेक्यात टनावर पैसे नकोत, वर्गीकरणाच्या हजेरीवर द्या. वजनकाटा महापालिकेचा आणि त्याचे रोजचे आकडे संकेतस्थळावर. देयक काढण्याआधी निधी आणि ईएसआयची चलनं जोडणं सक्तीचं. दंड हा वाचलेल्या खर्चाच्या दुप्पट. नवा ठेकेदार आला तरी जुन्या कामगारांना आधी काम.

तुमचं पान वेगळं असेल. पंचवटीत निर्माल्याचा प्रश्न पहिला येईल, सातपूर-अंबडला कारखान्यांचा कचरा घरगुती गाडीत जातो का हा. नगरसेवकांनी "बघतो" म्हटलं तर सभेत लेखी प्रश्न विचारण्याची विनंती करा, प्रश्न तुम्हीच लिहून न्या. निवेदनाची एक प्रत महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, आवक-जावक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ती तारीख वहीत लिहा आणि महिनाभराने त्याच निवेदनावर काय कार्यवाही झाली, त्याची टिप्पणी माहिती अधिकारात मागा.